पाण्यात जाऊन आलेली गाडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडीचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत नव्या कार्पेटचा वास आला आणि मला तो आवडला. सहा वर्षं जुनी, ४१ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक. जिच्यात सहा वर्षं माणसं बसली-उठली, त्या गाडीला नवा वास का यावा, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. मी मात्र विक्रेत्याला म्हटलं, "छान ठेवलीय हो." तो म्हणाला, "घरातली गाडी आहे मॅडम, एकाच मालकाची."

हा रिव्ह्यू त्या गाडीचा आहे आणि ज्याने ती विकली त्या दुकानाचाही. मॉडेल सांगत नाही, कारण दोष मॉडेलचा नाही. हीच गाडी कोरडी असती तर मी आज तिचं कौतुक लिहिलं असतं. दुकानाचं नावही सांगत नाही, तक्रार अजून चालू आहे. तारे द्यायचे तर गाडीला एकही देता येत नाही. का, ते नीट सांगायला जागा लागेल.

पहिले दोन महिने गाडी उत्तम चालली, हे आधी सांगते. इंजिन गुळगुळीत, क्लच हलका, एसी गार. घेण्याआधी मी दोनदा चालवून पाहिली होती, एकदा चढावर नेली होती. ओळखीच्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून ऑइल बघितलं, आवाज ऐकला आणि होकार दिला. त्याने चुकीचं काही सांगितलं नाही. इंजिन खरोखरच बरं होतं. बहुधा गाडी बंद उभी असताना पाणी चढलं होतं, इंजिनाने ते ओढलंच नव्हतं. चालू इंजिनाने पाणी ओढलं की गोष्ट तिथेच संपते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तशी गाडी कुणी सहज विकू शकत नाही. माझ्या गाडीसारखी, गप्प उभी राहून भिजलेली गाडी मात्र धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते.

तिसऱ्या महिन्यात डाव्या मागच्या दाराची काच कधी खाली जायची, कधी नाही. स्विच बदलला. मग सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडायला लागलं. एकदा सकाळी बघते तर चारही दारं उघडी. मग पुढच्या उजव्या चाकातून घूं घूं असा आवाज, बेअरिंग बदललं. पंधरा दिवसांत डाव्या चाकाचंही बदललं. प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याने तेवढंच काम केलं आणि मी प्रत्येक वेळी समजूत घालून घेतली की जुनी गाडी आहे, होणारच. या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच असू शकतं, हे ना त्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

पाचव्या महिन्यात एका दुपारी बाबांना घेऊन दवाखान्यातून परत येत होते. मुलगा मागे त्याच्या सीटवर झोपलेला. उड्डाणपुलाच्या चढावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि त्याच क्षणी स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन बंद. मागून ट्रकचा हॉर्न. गाडी मागे घरंगळायला लागली तेव्हा मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले होते आणि बाबांनी न सांगता हँडब्रेक ओढला. काही झालं नाही, एवढंच म्हणते. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी विक्रेत्याला माफ केलेलं नाही.

त्यानंतर बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग. दोन्ही वेळा गाडी आठवडाभर शहाण्यासारखी वागली आणि पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. साठीचे गृहस्थ, फक्त वायरिंगचं काम करतात. त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरचं दार उघडून उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी चटकन काढली, कार्पेटचा कोपरा उचलला आणि खालच्या जाड फेल्टमध्ये बोटं खुपसली. बोटं बाहेर काढून वास घेतला. म्हणाले, "ताई, ही गाडी पाण्यात जाऊन आलीय."

मी म्हटलं, "काका, पण कार्पेट तर नवीन दिसतंय."

"म्हणूनच तर."

पुढचे दोन तास मी तिथे स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी पुढच्या दोन्ही सीट काढल्या. सीटचे बोल्ट आधीच कधीतरी उघडले गेले होते. त्यांच्या डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला होता. सहा वर्षांत सीट काढायचं कारण काय पडलं असेल? वरचं कार्पेट नवं, पण खालचं फेल्ट जुनंच होतं. ते काढून वाळवायला दोन दिवस गेले असते, कुणाला तेवढा वेळ नव्हता. फेल्ट स्पंजासारखं असतं. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं, आत कित्येक आठवडे ओल धरून ठेवतं. आणि याच फेल्टच्या कडेने, उंबऱ्यालगत, गाडीच्या वायरिंगचा मुख्य जुडगा मागच्या दिव्यांपर्यंत जातो. म्हणजे गाडीच्या नसा रोज ओल्या गादीवर झोपलेल्या.

काकांनी एक कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लग, उघडून माझ्यासमोर धरला. आतल्या पिना स्वच्छ, चकचकीत असायला हव्यात. त्यांच्यावर हिरवी-पांढरी पूड चढली होती, जुन्या बॅटरीच्या टोकांवर चढते तशी. मग त्यांनी वायर मध्येच, कपलरपासून वीतभर अंतरावर, थोडीशी सोलली. मला वाटलं तिथे तरी चकचकीत तांबं दिसेल. ते काळं पडलं होतं. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी वायरीच्या बारीक तारांमधून, रबरी आवरणाच्या आत, पुढे पुढे सरकतं. मग बाहेरून वायर ठणठणीत दिसते. नुसता कपलर साफ करून किंवा बदलून उपयोग होत नाही तो यामुळे.

याचा परिणाम काय होतो, हे त्यांनी ज्या साध्या शब्दांत सांगितलं तसंच लिहिते. गाडीतले बरेच सेन्सर पाच व्होल्टवर काम करतात. त्यातला अर्धा व्होल्ट गंजात अडकला की कॉम्प्युटरला चुकीचा आकडा कळतो आणि तो त्या चुकीच्या आकड्यावर प्रामाणिकपणे निर्णय घेतो. आजच्या गाडीत इंजिनाचा, ब्रेकचा, स्टेअरिंगचा, दारांचा असे वेगवेगळे कॉम्प्युटर दोन बारीक वायरींवरून एकमेकांशी बोलतात. त्या दोन वायरींवर एक जोड सडला की कोण काय बोलतंय ते कुणालाच कळेनासं होतं. उड्डाणपुलावर सगळे दिवे एकदम लागले ते यामुळे. गंज थांबत नाही, हे तर सगळ्यात वाईट. गाडी बुडाली तो दिवस कधीच मागे गेला, पण तिचं बिघडणं त्या दिवसापासून सुरू झालं आणि ते हळूहळू चालूच राहतं. टेस्ट ड्राइव्ह उत्तम होते आणि तिसऱ्या महिन्यात काच अडकते ती अशी. गाडी ज्यात बुडाली ते पाणी खारं असेल तर हे सगळं आणखी लवकर होतं.

आणि आता ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहिते आहे ते.

डावीकडची पुढची सीट उलटी केल्यावर काकांचा हात थांबला. सीटखाली पिवळे कपलर असतात. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची लाइन. बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत असते, तिची वायर इथून जाते. त्या पिवळ्या कपलरच्या तोंडाशी एअरबॅगकडे जाणारी वायर नव्हतीच. तिच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा तुकडा, डाग देऊन बसवला होता, वर काळी टेप. मला कळलं नाही. त्यांनी समजावलं: एअरबॅगचा कॉम्प्युटर गाडी सुरू होताना प्रत्येक एअरबॅगच्या सर्किटचा रोध मोजतो. तो साधारण दोन-तीन ओहम असतो. सर्किट तुटलेलं असेल तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. कुणीतरी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला सांगितलं होतं की एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझला. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या चुका वाचणाऱ्या स्कॅनरवर चूक दिसेना. गाडी विकली गेली.

त्या सीटवर बाबा बसायचे.

पाणी चढल्यावर एअरबॅगची यंत्रणा का बाद होते, हेही समजून घेण्यासारखं आहे. तिचा मुख्य कॉम्प्युटर बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या आसपास, जमिनीलगत बसवलेला असतो. म्हणजे पाणी सीटच्या गादीपर्यंत पोचण्याआधीच तो भिजतो. अपघातात पट्टा झटक्यात घट्ट करणारी यंत्रणाही खालीच, दरवाजांमधल्या खांबाच्या तळाशी असते. हे भाग एकदा भिजले की गरजेच्या वेळी चालतील का, किंवा गरज नसताना फुटतील का, हे बाहेरून बघून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. काच अडकली तर कळतं. एअरबॅग मेलेली आहे हे फक्त एकदाच कळतं.

मी विचारलं, दुरुस्त होईल का? काका म्हणाले, पूर्ण वायरिंग नवीन टाकावं लागेल, त्यासाठी गाडी आतून पूर्ण सोलावी लागेल, सगळे कॉम्प्युटर आणि एअरबॅगा बदलाव्या लागतील, आणि एवढं करूनही मी लिहून देणार नाही. तुकड्या-तुकड्याने करत राहिलात तर दर महिन्याला याल. त्यांनी त्या दिवसाचे पैसे फक्त तपासणीचे घेतले. या सगळ्या प्रकरणात पूर्ण पाच तारे द्यावेत असे तेच एक भेटले.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा एक गोष्ट सापडली, ती मनातून जात नाही. २०११ साली थायलंडमधल्या मोठ्या पुरात अयुथया इथल्या होंडाच्या कारखान्यात पाणी शिरलं. तिथे अजून विक्रीलाही न गेलेल्या १,०५५ नव्या गाड्या बुडाल्या. कंपनीने त्या धुतल्या नाहीत, स्वस्तात काढल्या नाहीत. सुटे भागसुद्धा पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून त्या चिरडून मोडीत काढल्या. गाडी बनवणाऱ्यांना, सगळी हत्यारं आणि सगळे भाग हाताशी असताना, जे दुरुस्त करण्याजोगं वाटलं नाही, ते एका दुकानाने नवं कार्पेट आणि एक रेझिस्टर लावून मला विकलं.

विक्रेत्याकडे गेले. फोटो दाखवले. तो आधी म्हणाला आम्हालाही माहीत नव्हतं, आमच्याकडे आली तशी दिली. मग म्हणाला स्कॅनरचा रिपोर्ट तुम्हाला दिला होता, त्यात एकही चूक नव्हती. मग बिल काढून दाखवलं: 'गाडी जशी आहे तशी स्वीकारली', खाली माझी सही. आवाज शेवटपर्यंत गोड होता. मला त्या गोडव्याचाच जास्त राग आला. कार्पेट कुणी बदललं, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्याने दिलं नाही. दुकानाला शून्य तारे.

स्कॅनरच्या त्या 'स्वच्छ' रिपोर्टबद्दल नंतर कळलं ते सांगते, कारण बरेच जण त्यावर भरवसा ठेवतात. चुका पुसता येतात, दोन बटणांचं काम आहे. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही शून्यापासून सुरू होतात आणि गाडी बऱ्यापैकी फिरल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरमध्ये त्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात. चुका नाहीत पण हे मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर कुणीतरी नुकतंच सगळं पुसलेलं असू शकतं, किंवा बॅटरी काढलेली असू शकते. मग विचारायचं, का? माझा रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. 'अपूर्ण' हा शब्द तिथे चार ठिकाणी होता. मी त्यावर नजर फिरवली होती आणि हिरवी खूण बघून घडी घातली होती.

दुसरी गाडी शोधताना मी निराळी माणूस झाले होते. बॉनेटकडे शेवटी वळायचे. आधी डिक्की उघडून स्टेपनी बाहेर काढायचे आणि खालच्या खड्ड्यात टॉर्च मारायचे. पाणी सगळ्यात खोल जागा शोधतं आणि गाडी धुणारे तिथे क्वचितच पोचतात. कोपऱ्यात बारीक, पिठासारखा वाळलेला गाळ, किंवा जॅक आणि पान्यावर एकसारखा तांबडा थर दिसला की मी तिथूनच परत फिरायचे. मग सीटच्या खालची रुळं आणि स्प्रिंग. ब्रेक पेडलच्या वरचा लोखंडी सांगाडा, जो बघायला डोकं पायांच्या जागी घालावं लागतं. गंज सगळ्याच जुन्या गाड्यांत असतो, पण तो खालून, बाहेरून येतो. गाडीच्या आत, छताखाली, जिथे पावसाचा थेंबही पोचत नाही तिथे गंज असेल तर तो पाणी घेऊनच आलेला असतो.

सीटबेल्टने मला सगळ्यात जास्त मदत केली. पट्टा संपेपर्यंत बाहेर ओढायचा. आपण रोज वापरतो तो वरचा भाग धुतलेला असतो. गुंडाळीत राहणारा शेवटचा हातभर भाग कुणी धुवत नाही. तिथे पाण्याची रेघ राहते, कधी वाळलेला चिखल. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत तो कधी बनला तेही बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. एका गाडीत, गाडी सात वर्षांची आणि पुढचे दोन्ही पट्टे गेल्या वर्षीचे निघाले. विक्रेता म्हणाला, जुने फाटले होते. दोन्ही, एकाच वेळी? मी आभार मानून निघाले.

हेडलाइटच्या आत आडवी पुसट रेघ, फ्यूज बॉक्समध्ये पूड, हेही बघते, पण त्या गोष्टी हुशार माणूस बदलतो. वास बदलणं अवघड जातं. गाडी काचा बंद करून दोन-तीन तास उन्हात ठेवायला सांगायची. मग आत बसायचं, दार लावायचं, एसीचा पंखा पूर्ण सोडायचा आणि पहिले दहा सेकंद फक्त श्वास घ्यायचा. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास एसीच्या आतल्या पेटीतून येतो. तिथे बुरशी बसलेली असते आणि ती बाहेरून निघत नाही. माझ्या पहिल्या गाडीत मुलगा मागे बसला की शिंकायचा, आम्ही धुळीला दोष देत होतो. आणि गाडीत अत्तराच्या दोन-दोन बाटल्या लटकत असतील तर त्या काढून बाहेर ठेवायला सांगायला लाजू नका.

कागदांत दोन गोष्टी मागते. विम्याचे जुने दावे आणि सर्व्हिसच्या सगळ्या तारखा, किलोमीटरसकट. माझ्या गाडीच्या नोंदी नंतर मिळवल्या तेव्हा त्यात सात महिन्यांची भोकं होती, आणि त्या सात महिन्यांत गाडी जेमतेम नव्वद किलोमीटर चालली होती. रोजच्या वापरातली गाडी एवढे महिने कुठे उभी होती?

इलेक्ट्रिक गाडीचाही विचार केला होता, सोडून दिला. २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी, उभ्या उभ्या पेट घेतला होता. खारं पाणी बॅटरीच्या आत काय करून ठेवतं ते टॉर्च मारून दिसत नाही, आणि मी आता जे डोळ्यांनी दिसत नाही त्याला घाबरते.

शेवटी घेतली ती नऊ वर्षांची आहे. सीट मळलेल्या, कार्पेट ड्रायव्हरच्या टाचेखाली झिजून भोक पडलेलं, डिक्कीत कोरडी धूळ. काकांनी फेल्टमध्ये बोटं घातली, उंबऱ्याखालचे तीन कपलर उघडले, सीटखालचे पिवळे उघडून पाहिले आणि म्हणाले, "घ्या. हिला फक्त वय झालंय." तीन महिने झाले. एक टायर पंक्चर झाला, बाकी तक्रार नाही. बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी काही न बोलता पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघितला.

पहिली गाडी दाराशी झाकून उभी आहे. मागच्या रविवारी एक जण विचारत आला, देता का? मी सगळं सांगितलं, सीटखालच्या रेझिस्टरचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "चालू होते ना? मग हे कोण बघतंय." किंमतही बरी देत होता. मी नाही म्हटलं, तरी नंबर ठेवून गेला. गाडी पुढच्या आठवड्यात मोडीत जाते आहे. सीटबेल्ट, एअरबॅगा आणि त्यांचा कॉम्प्युटर सुटे विकायचे नाहीत, नष्ट करायचे, एवढं त्या मोडवाल्याकडून लिहून घेतलं आहे. तो रेझिस्टर मात्र काढून तक्रारीच्या फाइलला चिकटवला आहे.